रुथ हिमनदीवर विमान सोडेल, पण न्यायला कधी येईल?

पत्र: मी पुण्याची. गुलमर्गला स्कीइंगचे बेसिक आणि इंटरमिजिएट कोर्स केलेत, उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेतून बेसिक कोर्सही झालाय. भाऊ आणि वहिनी सिएटलला असतात, दर हिवाळ्यात तिथल्या रिसॉर्टवर स्कीइंग करतात. अलास्कातल्या डेनाली नॅशनल पार्कमध्ये, रुथ हिमनदीवर छोट्या विमानाने उतरायचं, आठ दिवस तंबूत राहायचं आणि आसपासच्या उतारांवर स्कीइंग करायचं, असं आम्हा तिघांचं ठरतंय. १० मेला टल्कीटना गावाहून उडायचं, १८ ला परत, १९ ला अँकरेजहून सिएटलचं विमान. भाऊ म्हणतो, हवा बिघडलीच तर हिमनदी खाली रस्त्याच्याच दिशेने जाते, चालत बाहेर पडू. सामान किती न्यायचं, विमानवाल्यांशी काय बोलायचं आणि गाइड खरंच लागतो का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: आधी भावाच्या मुद्द्याचं, कारण बाकीची आखणी त्यावर अवलंबून आहे. चालत बाहेर पडायचा बेत सोडून द्या. नकाशावर रुथ दक्षिणेकडे उतरताना दिसते हे खरं, पण मधे ग्रेट गॉर्ज लागते: दीडेक किलोमीटर रुंद घळ आणि दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे, काही ठिकाणी दीड किलोमीटर उंच. गॉर्जच्या खाली फाटलेला बर्फ, त्याखाली दगडगोट्यांनी झाकलेला बर्फ, मग ऑल्डरची दाट झुडपं आणि मे महिन्यात फुगायला लागलेल्या नद्या. जे कोणी तसं उतरतात ते मुद्दाम तेवढ्याचसाठी तयारी करून जातात. तंबू, स्लेज आणि संपत आलेला शिधा घेऊन, वैतागून, ऐनवेळी करायची ती वाट नाही. तुमच्या तिघांना रुथवरून बाहेर काढणारं एकच वाहन आहे आणि ते हवेच्या मर्जीने चालतं.

म्हणून १८ ला परत आणि १९ ला अँकरेजहून उड्डाण, हे गणित जमणार नाही. अलास्काच्या आखातातून येणारी ओल अलास्का रेंजच्या दक्षिण अंगाला आपटते आणि रुथ बरोबर त्याच अंगाला आहे. तीन-चार दिवस ढग बसले, विमान आलं नाही, यात तिथल्या कोणाला काही विशेष वाटत नाही. सोळा दिवसांची सुट्टी असेल तर हिशोब असा करा: एक दिवस अँकरेजला खरेदीचा, एक टल्कीटनाला पोचून वजनं, नोंदणी आणि बांधाबांध यांचा, दोन दिवस उडण्यासाठी वाट बघायचे, आठ दिवस हिमनदीवर, तीन दिवस परतीच्या विमानाची वाट बघायचे, एक दिवस अँकरेजला परतायचा. सोळा दिवस मिळत नसतील तर हिमनदीवरचे आठ कमी करा, वाट बघायच्या पाचांना हात लावू नका. परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्या. उलटंही होतं: सातव्या दिवशी पायलट कळवतो, उद्यापासून पाच दिवस हवा खराब आहे, आज दुपारी येतो. तेव्हा कुरकुर न करता निघायचं.

आता गाइडचं. तुमच्या पत्रात एक गोष्ट आली नाही: क्रिव्हासमधून, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगेतून, माणूस बाहेर काढायचा सराव भाऊ-वहिनींपैकी कोणी केलाय का? तुम्ही बेसिक कोर्समध्ये हार्नेस, प्रुसिक (रोपवर आवळून बसणारा दोरीचा फास), रोपच्या गाठी शिकलात. समजा क्रिव्हासवरचा बर्फाचा पूल मोडून तुम्हीच खाली गेलात. वर राहिलेल्या दोघांना तुमचं वजन आणि स्लेज मिळून शंभर किलोच्या वरचा झटका थांबवायचा आहे, मग एकाने तो भार तसाच धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने स्की आडवी पुरून अँकर करायचा, भार त्यावर द्यायचा, भेगेच्या काठावरचा मऊ बर्फ फावड्याने उडवायचा, मग पुली लावून ओढायला लागायचं. हे हात आपोआप करतील इतका सराव नसेल तर थंडीत, आरडाओरड्यात आठवत नाही. रिसॉर्टवर कितीही वर्षं स्कीइंग केलं तरी हे येत नाही. गुलमर्गलाही येत नाही, कारण तिथल्या उतारांवर हिमनदी नाही.

तेव्हा आमचं मत स्पष्ट आहे. या वर्षीच जायचं असेल तर गाइड घ्या. पार्कने परवानगी दिलेल्या कंपनीचाच घ्या. ओळखीतला कोणी पैसे घेऊन नेतो म्हणाला तर ते पार्कच्या नियमात बसत नाही. गाइड नको असेल तर मोहीम एक वर्ष पुढे ढकला. तिघांनीही हिमस्खलनाचा तीन दिवसांचा लेव्हल १ कोर्स करा, भाऊ-वहिनींना तो सिएटलहून गाडीने जाण्याजोग्या अंतरावर हिवाळ्यात करता येईल. मग सिएटलकडच्या रेनियर किंवा बेकर पर्वताच्या हिमनदीवर रोप बांधून, स्लेज ओढत दोन-तीन रात्री काढा. क्रिव्हासमधून काढायचा सराव प्रत्येकाने ‘वर राहिलेला एकटा’ म्हणून करायचा.

महिना निवडताना मेच्या मध्यापेक्षा एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पहिला आठवडा बरा. एप्रिलमध्ये रात्री उणे २५ पर्यंत जाऊ शकतात, पण क्रिव्हासवरचे बर्फाचे पूल घट्ट असतात आणि उत्तरेकडच्या उतारांवर भुसभुशीत बर्फ टिकतो. मेच्या मध्यात दिवस सतरा तासांहून मोठा असतो, दुपारी बर्फाचा चिखल होतो आणि ऊन लागलं की कडे बर्फ-दगड खाली टाकायला लागतात. मेमध्येच जायचं असेल तर दिवस उलटा करा: पहाटे तीन-चारला निघा, अकराच्या आत तंबूत या.

उंचीची काळजी मात्र नको. विमानं उतरतात ते डॉन शेल्डन अँफिथिएटर सुमारे १,७०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडंसंच वर. डेनाली शिखर ६,१९० मीटर आहे आणि तुमच्या तंबूतून ते दिसेल, पण तुमचा त्याच्याशी संबंध तेवढाच. (सरकारी कागदांवर २०२५ पासून शिखराचं नाव पुन्हा माउंट मकिन्ली आहे, पार्कचं नाव डेनालीच. शोधताना दोन्ही नावं टाका.) डेनाली आणि फोरेकर या दोन शिखरांसाठी ६० दिवस आधी नोंदणी आणि शुल्क सक्तीचं आहे. तुमच्या बेताला ते लागू नाही. तरीही टल्कीटनाच्या वॉल्टर हार्पर रेंजर स्टेशनवर जाऊन बेत, तंबूचा रंग आणि परतीची तारीख नोंदवा. तिथेच शौचासाठीचा झाकणवाला डबा मिळतो, क्लीन माउंटन कॅन म्हणतात त्याला. तळावरचं सगळं त्यात साठवून विमानाने खाली आणायचं असतं. ‘एका कोपऱ्यात पुरलं’ चालत नाही, कारण तोच बर्फ पुढच्या माणसाच्या पातेल्यात जातो.

विमान बहुधा बीव्हर किंवा ऑटर असेल. दोन्ही डी हॅविलँड कॅनडाची, एका इंजिनाची. चाकांना स्की जोडलेल्या असतात. टल्कीटनाच्या डांबरी पट्टीवरून चाकांवर उडतात आणि बर्फ आला की पायलट हायड्रॉलिक पंपाने स्की खाली घेतो. उतरणं चढाच्या दिशेने होतं, उडणं उताराच्या, म्हणून थोडा वारा पाठीमागून असला तरी पायलट चालवून घेतो. बुकिंग करताना हे विचारा: तिघांसाठी पूर्ण विमान ठरवायचं की सीटप्रमाणे, माणशी किती सामान भाड्यात बसतं, वर गेलं तर किलोमागे किती, परतीची तारीख हवेमुळे हलली तर पैसे वाढतात का आणि इंधन ते देतात का. डेनालीच्या गिर्यारोहकांसाठी माणशी १२५ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो सामान, असा हिशोब नेहमी ऐकायला मिळतो. तुमच्या कंपनीचा आकडा लेखी घ्या. वजन सांगताना स्वतःचंही बूट आणि सगळे कपडे घालून करा. चार-पाच किलो चोरून टल्कीटनाहून उडताना काही बिघडत नाही. परतीच्या दुपारी बर्फ ओला असताना, १,७०० मीटरच्या विरळ हवेत, तेच किलो विमानाला जमीन सोडू देत नाहीत आणि मग पायलट तुमच्यापैकी एकाला किंवा अर्ध्या सामानाला मागे ठेवून जातो.

यातून निघणारा नियम टल्कीटनालाच पाळायचा. काही कारणाने दोन फेऱ्या कराव्या लागल्या तर प्रत्येक फेरीत तंबू, स्टोव्ह, इंधन, काडेपेटी, फावडं, दोन दिवसांचं खाणं आणि स्लीपिंग बॅगा असल्याच पाहिजेत. पहिल्या फेरीत माणसं आणि स्की, दुसरीत तंबू, अशी वाटणी सोयीची वाटते. मधे ढग उतरले की पहिल्या फेरीची माणसं उघड्यावर. विमान हिमनदीवर थांबलं की पायलट सांगेपर्यंत जागचे हलू नका आणि पंख्याच्या बाजूला कधीच जाऊ नका. सामान उतरवून झालं की विमान जाऊ देण्याआधी चार वस्तू हात लावून बघा: तंबूचे पोल, स्टोव्हचा पंप, इंधनाच्या बाटल्या, सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र). पोल विमानाच्या शेपटीकडे सरकून तिथेच राहणं ही नेहमीची भानगड आहे. मेसेंजरवरून ‘पोचलो’ असा निरोप तिथूनच पाठवून बघा.

आता वजनं. माणशी धरलेली आहेत. स्की, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी जोडणी), स्किन (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी), बूट मिळून ७ किलो. उणे २९ अंशांची स्लीपिंग बॅग आणि दोन मॅट (एक फोमची, एक हवेची, कारण हवेची फुटते) ३.५ किलो. तंबूचा वाटा आणि स्वयंपाकाच्या बिनतळाच्या तंबूचा वाटा मिळून २.५. कपडे ५. बीकन (बर्फाखाली पुरलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळई), फावडं २. हार्नेस, आइस स्क्रू, पिकेट (बर्फात ठोकायची धातूची खुंटी), कॅराबिनर, पुली, प्रुसिक ३. रोपचा वाटा १.५. स्टोव्ह-भांड्यांचा वाटा १.५. प्लास्टिकची स्लेज आणि तिची दोरी ३. इंधन २. खाणं ११. दुरुस्ती, औषधं, बॅटऱ्या, बर्फाची करवत, बांबूच्या काठ्या, डबा वगैरे ३. एकूण ४५. यात कॅमेऱ्याची दुसरी लेन्स नाही, खुर्ची नाही. विमानाने जातोय म्हणून माणसं खुर्ची नेतात आणि खरं सांगायचं तर तीन दिवस वादळात बसायचं असेल तर एक हलकी खुर्ची वाईट नाही. पण ती बारा दिवसांचं खाणं भरून झाल्यावर.

खाणं बारा दिवसांचं, म्हणजे आठ अधिक चार. माणशी रोज ९०० ग्रॅम, ग्रॅममागे साडेचार कॅलरी पडतील असं निवडलं की ४,००० च्या आसपास जातं. चारचे चार राखीव दिवस वेगळ्या पिशवीत बांधा आणि नवव्या दिवसाआधी उघडू नका. १,७०० मीटरवर पाणी ९४ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून कच्ची डाळ आणि कच्चा तांदूळ विसरा, ते फक्त इंधन खातात. आधी शिजवून वाळवलेला भात आणि त्यावर मेतकूट-लोणी, भाजलेल्या रव्याचा उपमा, दडपे पोहे नव्हे तर गरम पाण्यात भिजणारे पोहे, शेवया, सातूचं पीठ, बटाट्याची भुकटी, चीज. चिक्की आणि गूळपोळीसारखं काही उणे वीसमध्ये दात पाडतं, खिशात अंगाशी ठेवलं तरच चावता येतं. भारतातून नेणार असाल तर अमेरिकेच्या कस्टम्सला प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करा. बरंचसं अँकरेजलाच घेतलेलं सोपं.

पाण्यासाठी सगळा बर्फच वितळवायचा आहे, माणशी रोज चार लिटर. त्यावर इंधनाचा हिशोब येतो: व्हाइट गॅस (स्टोव्हचं द्रव इंधन) माणशी रोज १८० ते २०० मिलिलिटर. तिघांना बारा दिवस म्हणजे सात लिटर. इंधन स्वतःच्या बॅगेत घालून विमानात चढायचं नाही. ते टल्कीटनाला कंपनीकडूनच घ्या आणि कसं भरायचं ते त्यांना ठरवू द्या. बाटली गळ्यातल्या खुणेच्या वर भरू नका, वर हवेचा दाब कमी झाला की झाकणातून पाझरते, आणि इंधनाचा वास लागलेलं पीठ कोणी खात नाही. दोन स्टोव्ह हवेतच, एकाच मॉडेलचे, म्हणजे एकाचे भाग दुसऱ्याला बसतात. जादा पंप, ओ-रिंग आणि वॉशरला लावायचं तेल. पातेल्यात नुसता कोरडा बर्फ घातला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो, म्हणून कायम थोडं पाणी शिल्लक ठेवून त्यात बर्फ घाला. भारतातून स्टोव्ह नेलात तर धुऊन, दोन दिवस वाळवून न्या. वास आला तर एअरलाइन काढून घेते. बाटल्या तर तिकडेच नव्या घ्या.

दुरुस्तीच्या पिशवीत काय हवं ते बारकाईने सांगतो, कारण तिथे दुकान नाही. बाइंडिंगच्या स्क्रूला बसणारा क्रमांक ३ चा पोझिड्रिव्ह बिट आणि मूठ. साधा फिलिप्स लावला तर स्क्रूचं डोकं कातरलं जातं. स्क्रू ढिला होऊन भोक मोठं झालं तर भरायला स्टील वूल आणि इपॉक्सी. इपॉक्सी थंडीत घट्ट होत नाही, ती अंगाशी गरम करून वापरायची. रबरी स्की-पट्टे सहा, स्किनचा गोंद गेला की स्कीभोवती आवळायला हेच लागतात. बाइंडिंगचा एक पूर्ण जादा टो-पीस (बुटाचं पुढचं टोक धरणारा भाग), तिघांचं मॉडेल एक असेल तर एकच पुरतो. पोल जोडायला धातूची पट्टी आणि दोन होज क्लँप. तंबूच्या पोलसाठी नळी, गोंदपट्टी, सुई-दोरा, तार. स्किन दुपारी काढल्या की जॅकेटच्या आत ठेवा. एकदा गोंदावर भुसभुशीत बर्फ बसला की दिवस संपला.

तळ ठोकताना विमान जिथे थांबलं तिथल्याच भोवताली, पण पट्टीपासून बाजूला. कड्यांपासून इतकं लांब की वरून सुटलेला बर्फ आणि त्याचा वारा पोचणार नाही. रोप न सोडता तंबूच्या जागेभोवती प्रोब खुपसत फेरी मारा, दर हातभर अंतरावर. प्रोब एकदम हलका झाला तर खाली पोकळी आहे. ठरलेल्या सीमेवर बांबूच्या काठ्या लावा. त्या काठीपलीकडे रोपशिवाय कोणी जायचं नाही, रात्री लघवीलाही नाही. तंबूभोवती करवतीने कापलेल्या विटांची भिंत तंबूच्या उंचीएवढी, तंबूपासून तेवढ्याच अंतरावर. अगदी चिकटून बांधली तर वाऱ्याने आणलेला बर्फ भिंत आणि तंबू यांच्यामध्ये साचतो आणि तंबू दबतो. वादळात दर तीन-चार तासांनी उठून फावडं मारावं लागतं, त्याच्या पाळ्या ठरवा. स्टोव्ह बंद तंबूत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बर्फ साचलेला तंबू हवाबंद डब्यासारखा होतो. तळापासून लांब शिधा ठेवणार असाल तर मीटरभर खोल पुरा. डोमकावळे उकरतात, शहरातल्या कावळ्यांपेक्षा ते चांगलेच दांडगे असतात.

रोपचं एक उदाहरण देतो. तिघांसाठी ६० मीटर, ड्राय ट्रीटमेंटचा, म्हणजे पाणी न शोषणारा. माणसामाणसात १३ मीटर सोडले तर २६ मीटर वापरात आणि दोन्ही टोकांच्या माणसांकडे १७-१७ मीटर गुंडाळलेला. स्लेजचं मागचं टोक प्रुसिकने मुख्य रोपला बांधायचं, नाहीतर तुम्ही क्रिव्हासमध्ये गेलात की मागून तीस किलोची स्लेज डोक्यावर येते. सपाटीवर, अनोळखी जागी, कितीही चांगला ट्रॅक पडलेला असला तरी रोप. उतारावर रोपमध्ये स्कीइंग करणं अवघड आणि चिडचिड करणारं असतं. जिथे क्रिव्हास आहेत असं दिसतंय तिथे तो उतार सोडून दुसरा निवडणं बरं.

माउंट डिकीच्या (२,९०९ मीटर) पश्चिमेचा सौम्य उतार बऱ्याच जणांच्या यादीत असतो. जमेल, पण पहिल्या दिवसासाठी नाही. पहिले दोन दिवस तळाजवळच्या २५ अंशांच्या उतारांवर घालवा. रुथसाठी रोज कोणी हिमस्खलनाचा अंदाज देत नाही, म्हणजे अंदाज तुमचा तुम्हालाच करायचा आहे: किती सेंटिमीटर नवा पडला, वारा कुठून होता, रात्र गोठली का, आपोआप सुटलेले उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहेत. क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन) गळ्यात ठेवा. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतं, म्हणून वादळानंतर ४८ तास त्यापेक्षा सौम्य उतारांवर राहा आणि तीव्र उतारांच्या पायथ्याशीही थांबू नका. बीकन तंबूतून निघताना सुरू, परतल्यावर बंद, आणि तपासणी रोज. पुरला गेलेला माणूस वाचतो तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि तुमच्याकडे शोधणारे दोनच आहेत. मदत येईपर्यंत थांबण्याचा पर्याय तिथे नाही.

परतीच्या विमानासाठी तुमची खरी कामगिरी निरोपात आहे. टल्कीटनाचा पायलट तुमच्या डोळ्यांनी बघतो. ठरलेल्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, एवढंच लिहा: ढगाचा तळ कुठे आहे (“डिकीचा माथा दिसतो” किंवा “कड्यांचा वरचा अर्धा ढगात”), वारा कोणत्या दिशेचा, नवा बर्फ किती, पृष्ठभाग कसा (बूट घोट्यापर्यंत जातो, गुडघ्यापर्यंत जातो) आणि सावल्या दिसतात का. शेवटचं फार महत्त्वाचं. उजेड सपाट असला की वरून बर्फ आणि ढग एकच पांढरा दिसतो, पायलटला जमीन किती खाली आहे ते कळत नाही, आणि आकाश त्या मानाने मोकळं असूनही तो उतरत नाही. घरी जायची घाई झाली की माणसं हवा बरी करून सांगतात. फेरी फुकट गेली की पुढच्या वेळी तुमच्या निरोपावर विश्वास कमी.

गुडघाभर नवा बर्फ पडला असेल तर पट्टी तुडवून द्यावी लागते. किती लांब आणि कोणत्या रेषेत ते पायलटकडून घ्या, काही शे मीटरचं काम असतं. तिघांनी शेजारी शेजारी स्कीवरून फेऱ्या मारायच्या आणि मग रात्रभर तसंच सोडायचं. दाबलेला बर्फ काही तासांत आपोआप घट्ट होतो. एका बाजूने गडद रंगाच्या डफल किंवा बर्फ भरलेल्या काळ्या पिशव्या ठरावीक अंतरावर मांडा, पायलटला उंचीचा अंदाज त्यांवरून येतो. रिकामी पिशवी ठेवू नका, उडून पंख्यात जाते. निघायच्या दिवशी सगळं बांधा, स्लेज पट्टीजवळ आणा, पण राहायचा तंबू आणि एक स्टोव्ह तसाच ठेवा. इंजिनाचा आवाज कानावर आल्यावर तंबू काढायला दहा मिनिटं पुरतात. निरोप आला म्हणून आधीच मोडलेला तळ, आणि विमान गॉर्जच्या तोंडावरून परत फिरलेलं, ही जोडी नेहमीची आहे.

उरलेलं थोडक्यात. सॅटेलाइट मेसेंजर भारतातून नेऊ नका. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय इनरीचसारखं उपकरण बाळगणं गुन्हा ठरतं आणि गोव्याच्या विमानतळावर त्यावरून परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. भावाच्या नावावरचं वापरा आणि सोबत भाड्याचा सॅटेलाइट फोन घ्या. गॉर्जजवळ कडे आकाश झाकतात, निरोप जायला अर्धा तासही लागू शकतो. पॉवर बँक एअरलाइनच्या केबिन बॅगेत, हिमनदीवर स्लीपिंग बॅगेत. सिएटलला कॅनडामार्गे जाणार असाल तर भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो, तेव्हा तिकीट काढताना बघा. पार्कच्या हद्दीत रेंजरांनी केलेल्या सुटकेचं बिल येत नाही, पण अँकरेजच्या इस्पितळाच्या दारापासून पुढचं सगळं तुमचं. आपल्याकडच्या प्रवास विम्यात ‘ऑफ-पिस्ट’ (आखलेल्या मार्गाबाहेरचं स्कीइंग) आणि ‘रोप लागणारं गिर्यारोहण’ बहुधा वगळलेलं असतं, ते कलम वाचून लेखी विचारा. घरी कोथरूडला एक चिठ्ठी ठेवा: ठरलेल्या तारखेनंतर चार दिवस काही कळलं नाही तरी तो उशीर आहे, संकट नाही, पाचव्या दिवशी विमान कंपनीला फोन करायचा. अलास्का त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, म्हणजे तिथून रात्री आठला पाठवलेला निरोप आईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मिळेल. हेही त्या चिठ्ठीत लिहा.